रंग न आलेलं अंजीर

माझ्या दाजींना जगात दोनच गोष्टींचा मनापासून राग येतो. एक पक्षी आणि दुसरा मी. दोघंही न बोलावता येतात, आल्याआल्या शीळ घालतात आणि जाताना काहीतरी घाण करून जातात, असं ते आल्यागेल्याला सांगतात. मी ते कौतुक समजतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्याने रंगारी. भिंती रंगवणारे नव्हेत, कापड रंगवणारे. घरामागे लांबट अंगण, एका कोपऱ्यात भट्टी, भट्टीवर तांब्याची पातेली, बाजूला रंगाचे लाकडी हौद, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कापड वाळवायच्या दोऱ्या. माणूस हाताला सोनं, पण डोळ्याने पार वाया गेलेला. जे काही समोर येईल ते आधी उजेडात धरणार. चहा दिला तर कपात डोकावून म्हणणार, "आज एक बुडी कमी पडली." ताईला ताप आला तर कपाळाला हात लावणार नाहीत; तिला दारात नेऊन चेहरा बघतील आणि सांगतील, "उतरलाय." आणि खरंच उतरलेला असतो, हा वैताग वेगळाच.

माझं दुकान आहे मुखवट्यांचं. मुखवटे, रबरी साप, खोट्या मिशा, बसल्यावर भलताच आवाज काढणारी उशी, असला सगळा माल. पन्नाशी तोंडावर आली तरी नव्या मालाची चाचणी मी घरच्यांवरच घेतो. त्यामुळे ताईने मला आपणहून बोलावलं म्हणजे पाणी डोक्यावरून गेलेलं असतं.

तर ताईचा फोन आला. "भुंग्या, पक्षी पळतील असं दुकानात काही असेल तर घेऊन ये. आणि आजच ये."

"झालं काय?"

"हे माझं झाड तोडायला निघालेत."

झाड म्हणजे अंजिराचं. अंगणाच्या मधोमध, दोऱ्यांना खेटून उभं. ताईने कुठूनतरी फांदी आणून खोचलेली, तिचा आता डेरेदार मांडव झाला होता. त्याच्याखाली तिची बाजेसारखी एक फळी. दुपारी भट्टी विझली की ती तिथे पाय वर घेऊन बसते, आणि त्या वेळेत तिला कोणी हाक मारलेली चालत नाही.

मी पोचलो तेव्हा दाजी अंगणात पिवळा तागा दोन्ही हातांवर घेऊन उभे होते, एखादा जखमी माणूस उचलल्यासारखे.

"या शालकमहाराज, बघा. लिंबाच्या सालीसारखा उतरला होता. आता बघा."

तागाभर पिवळंधमक आणि मधोमध पक्ष्याची भलीमोठी सही.

"एवढंच ना? नक्षी म्हणून खपवा."

"नक्षी! आता हा गडद निळ्यात बुडवावा लागणार. गिऱ्हाइकाने पिवळा मागितला होता. त्याला काय सांगू, सूर्य मावळला?"

"झाडाला हात लावायचा नाही," आतून ताई म्हणाली.

"अगं, पण झाडाने आजवर दिलं काय? सावली देतं, ती माझ्या कापडावर. पाखरं देतं, तीही माझ्या कापडावर. फळ म्हणशील तर तुझ्या तरी पानात कधी पडलं?"

ते खरं होतं.

झाडाला अंजिरं लागत नव्हती असं नाही. लदबदून लागायची. मोठी व्हायची, फुगायची, आणि दाजींच्या भाषेत 'रंग यायच्या' आतच संपायची. बाजारात मिळतं तसं जांभळं अंजीर त्या झाडावर कोणी कधी पाहिलंच नव्हतं. सगळी हिरवी असतानाच पक्षी फस्त करायचे. उरायची ती उलट्या केलेल्या पाकिटासारखी लोंबती साल आणि तिच्यावर मुंग्या. कधी अर्धवट खाल्लेल्या अंजिरात आत लाल दिसायचं, तर त्यावर दाजींचं शास्त्र तयार होतं. "रंग आतून बाहेर येतोय. आधी धागा पितो, मग वर दिसतो, कापडाचंही तसंच. आत आलाय म्हणजे बाहेर यायला फार दिवस नाहीत. पण ही पाखरं थांबतात कुठे? कच्चंच फोडतात मेली."

आणि कच्चं खायची कोणाची छाती नव्हती. एकदा दाजींनीच हट्टाने एक हिरवं, टणक अंजीर तोडून चावलं होतं. देठातून पांढरा चीक आला, ओठ सुजून भजी झाली, आणि आठवडाभर ते गिऱ्हाइकांशी तोंडावर रुमाल धरून बोलले. तेव्हापासून त्या घरात हिरवं अंजीर म्हणजे विषच.

"ठीक आहे," दाजी म्हणाले. तागा त्यांनी हौदाच्या काठावर ठेवला. "मी काही राक्षस नाही. करवतवाला महिनाअखेरीस येणार आहे. तोवर रंग आलेलं एक, फक्त एक अंजीर माझ्या हातात आणून द्या. झाड राहील. नाही आणलंत तर झाड जाईल. मग रडायचं नाही."

"कबूल," ताई म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ताई सहसा अशी पटकन कबूल होत नाही. ती माझ्याजवळ येऊन हळूच बोलली, "या अंगणात एवढी एकच वस्तू आहे रे, जिला यांनी रंग दिलेला नाही. तेवढी राहू दे मला."

तिने हे असं म्हटलं आणि मी पिशवीतून साप काढला.

साप अव्वल होता. लांब, तेलकट हिरवा, शेपटीला जरा पीळ. अंजिराच्या खालच्या फांदीवर मी तो असा घातला की तोंड पानांतून जेमतेम बाहेर डोकावेल. मग आम्ही भावंडं स्वयंपाकघराच्या खिडकीशी दबा धरून बसलो. पहिला आला बुलबुल. आला, सापाकडे बघितलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, सापाच्या पाठीवर बसला आणि चोच घासून साफ केली.

दुसरे आले दाजी. ओलं कापड खांद्यावर, तोंडाने काहीतरी पुटपुटत, दोरीकडे. त्यांनी पान बाजूला सारलं आणि साप त्यांच्या नाकासमोर आला.

आता त्यांनी मागे उडी मारली यात माझा काय दोष? मागे हौद होता आणि त्यात निळा होता हे मला माहीत होतं, पण उडी एवढी लांब जाईल असं वाटलं नव्हतं. बाहेर आले तेव्हा कमरेपासून खाली निळे. त्यांच्याच हातचा रंग, त्यामुळे धुऊनही जाईना.

"पक्का आहे हो दाजी," मी म्हणालो, "काय काम केलंय!"

त्यांनी साप माझ्या अंगावर फेकला. बुलबुल तेवढ्यात एक अंजीर पोखरून मोकळा झाला होता.

नंतर मी घुबड आणलं. प्लॅस्टिकचं, डोळे बटबटीत, वारा आला की मान फिरवणारं. दुसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यावर एक साळुंकी बसली होती आणि दुसरी चोचीत काडी घेऊन आली होती. संसार थाटायच्या बेतात होत्या. ताई म्हणाली, "तुझा माल माणसांसाठीच बरा आहे रे." मला जरा लागलं ते. आयुष्यभर लोकांना टोप्या घातल्या, आणि मूठभर पाखरू आपल्याला भीक घालत नाही म्हणजे काय?

शेवटी ताईनेच डोकं लढवलं. घरात झिरझिरीत मलमलचे तुकडे पडलेले असतात, रंग बघायला दाजी वापरतात ते. त्यांच्या तिने इवल्या इवल्या पिशव्या शिवल्या, तोंडाला नाडी, आणि तुकडे पुरले तेवढ्या अंजिरांना घालून नाड्या आवळल्या. झाड असं दिसायला लागलं की जणू शंभर बाळांना टोपडी घालून उन्हात ठेवलंय. पिशवीतून हवा जाते, ऊन जातं, चोच जात नाही. बुलबुल येऊन बघून गेला. दुसरा बुलबुल बोलावून आणला. दोघांनी मिळून आम्हाला शिव्या दिल्या. ताई कधी नव्हे ती मोठ्याने हसली.

मग सुरू झाली दाजींची तपासणी. सकाळ झाली की एक नाडी सोडायची, पिशवी खाली ओढायची, अंजीर बोटाने न शिवता नुसतं उजेडात बघायचं.

"कच्चं."

नाडी बंद. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

"कच्चं. रंग नाही."

मीही दुकान उघडण्याआधी तिकडून चक्कर मारायचो. दिवस जात होते आणि अंजीर हिरवंच. मग एका सकाळी दाजींनी नाडी सोडली आणि नाक धरून मागे सरकले. आत नुसता लगदा, आंबलेला, ताडीसारखा वास. दुसरी पिशवी उघडली, तिथेही तेच. तिसरीतलं तर देठापासून सुटून पिशवीत पडलेलं.

"बघितलंत?" दाजी म्हणाले, आणि खरं सांगतो, त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. "थेट कच्च्यातून कुजलेलं. मधे पिकणं नाहीच. झाड रोगट आहे गं. आपण उगाच पाखरांना नावं ठेवली."

ताईने पिशवी उलटी करून लगदा मातीत टाकला, पिशवी झटकली, कमरेला खोचली आणि घरात गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

करवतवाला दोन दिवसांवर आला होता.

पण मला काही चैन पडेना. कच्चं आणि कुजकं, आणि मधलं गायब? असं कसं असेल? माझ्या धंद्यात मधलंच तर महत्त्वाचं. आधी माणूस शांत असतो, शेवटी तो चिडलेला असतो, आणि मधल्या त्या एका क्षणासाठी तर आपण एवढा खटाटोप करतो. तो क्षण नसतो असं होत नाही. आपण नको तिकडे बघत असतो. आणि दुसरं म्हणजे, पाखरांना कच्चं एवढं का आवडावं? दाजींचे ओठ सुजले, बुलबुलाला कसं काही होत नाही?

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावलं आणि सकाळीच अंगणात एक रिकामा हौद उलटा करून त्याच्याआड बसलो. पिशव्या न लावलेल्या वरच्या फांद्या दिसतील असा. दाजी भट्टीपाशी. त्यांनी विचारलं, "आता काय नवीन?" मी म्हणालो, "नुसतं बघतोय." त्यांचा अर्थातच विश्वास बसला नाही. हौद हलवून खाली काही ठेवलंय का ते बघून गेले.

बुलबुल आला. आणि मी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. आजवर तो आला की मी टाळी वाजवायचो, त्यामुळे तो करतो काय हे मला माहीतच नव्हतं. तो दिसेल ते अंजीर फोडत नव्हता. बाजारात बायका टोमॅटो घेतात ना, तसं त्याचं चाललं होतं. एकाजवळ गेला, चोचीने जरा ढोसलं, सोडलं. दुसरं ढोसलं, सोडलं. तिसऱ्यापाशी थबकला, ढोसलं आणि जेवायलाच बसला. तिन्ही हिरवी. एकाच फांदीवर. माझ्या डोळ्याला तर तिन्ही सारखीच.

याला कळतंय काहीतरी, आणि आपल्याला नाही. एवढी मजा मला साप बघून दाजी हौदात पडले तेव्हाही आली नव्हती.

आता मी आहे मी. कोणाला काय कळतं हे शोधायचं असेल तर त्याला फसवून बघायचं, एवढीच विद्या मला येते. घरात जाऊन एक बीट किसलं, उकळलं, आटवलं. ताईने विचारलं, "हे काय करतोस?" म्हटलं, "अंजिरांना रंग आणतोय." तिने कपाळाला हात लावला. कापसाचा बोळा बुडवून मी खालच्या फांदीवरची काही टणक, बिनपिशवीची अंजिरं चांगली जांभळी करून टाकली. वाळली तेव्हा बाजारातलीसुद्धा त्यांच्यासमोर फिकी वाटावी. पक्षी जर रंगाला भुलत असेल तर आधी इथे येईल. नाही भुलला तर काहीतरी दुसरंच आहे.

बुलबुल आला. जांभळ्या अंजिरापाशी गेला. ढोसलं. एकदा मान वाकडी करून माझ्या दिशेने बघितलं, अगदी दाजी बघतात तसंच. आणि उडून बाजूच्या हिरव्यावर बसला.

तेवढ्यात भट्टीकडून आरोळी आली.

"आला! अगं ए, आला! रंग आला!"

दाजी ओल्या हाताने, एका पायातली चप्पल मागे टाकून धावत आले. ताई आतून धावत आली. मी हौदाआडून हात करायला लागलो, पण त्यांचं लक्ष कुठे? दाजींनी फांदी धरली, जांभळं अंजीर दोन बोटांत घेतलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचीच लाज वाटायला लागली.

मग त्यांनी अंगठा बघितला. अंगठा जांभळा झाला होता.

अंजिरावर पुन्हा अंगठा फिरवला. खालून हिरवं निघालं. अंगठ्याचा वास घेतला.

"बीट," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "माझ्या अंगणात, माझ्या घरात, कच्चा रंग?"

एखाद्याने देवळात चपला नेल्या तरी लोक एवढे चिडत नाहीत. मी म्हणालो, "दाजी, तुमच्यासाठी नव्हता तो. बुलबुलासाठी होता."

"बुलबुल कुठाय?"

बुलबुल होता ना. त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर, हिरव्या अंजिरात तोंड घालून, आमचं भांडण चालू असताना निवांत जेवत होता. त्याला जांभळ्याचं काही पडलं नव्हतं.

आणि तिथे मला कळलं. एकच सोंग मी दोघांसमोर ठेवलं होतं. दाजी लांबूनच फसले. पाखरू जवळ येऊनही फसलं नाही. कारण दाजी बघतात आणि पाखरू चाचपतं.

मी हौदावर चढलो, बुलबुलाला हुसकलं आणि त्याच्या ताटाशेजारची हिरवी अंजिरं एकेक करून बोटांनी दाबायला लागलो. टणक. टणक. टणक. ही सगळी देठावर ताठ उभी. आणि मग एक असं, ज्याने मान टाकली होती. देठ मऊ पडलेला, फळ खाली लोंबलेलं. रंग तोच, हिरवा. दाबलं तर कानाच्या पाळीसारखं. बुडाशी जे बारीक भोक असतं ना, तिथे मधासारखा एक थेंब.

नुसतं हात लावल्यावर ते माझ्या तळव्यात आलं. चीक नाही, काही नाही.

"ताई," मी म्हणालो, "डोळे मीट आणि आ कर."

"मुळीच नाही. लहानपणी असे डोळे मिटले तेव्हा साबण होता."

"तेव्हा मी लहान होतो."

"मागच्या वर्षी होता!"

ते खरं होतं. म्हणून मी अंजीर मधोमध फोडलं. आत गर्द लाल, दाणेदार. अर्धं स्वतःच्या तोंडात टाकलं आणि चावलं. दाजी उत्सुकतेने माझ्या ओठांकडे बघत होते, सुजतात की काय म्हणून. मी उरलेलं अर्धं तिच्यापुढे धरलं.

ताईने माझ्याकडे बघितलं, अंजिराकडे बघितलं आणि डोळे न मिटता खाल्लं.

बराच वेळ ती चावत राहिली. मग फळीवर बसली. नेहमीसारखे पाय वर घेतले. "अरे," एवढंच म्हणाली. आणि मग, "अरे, हे पिकलेलं आहे."

"हिरवं आहे," दाजी म्हणाले.

"हिरवं आहे आणि पिकलेलं आहे."

"असं नसतं. मी बघतोय ना. रंग कुठाय?"

मी दुसरं मान टाकलेलं शोधून काढलं. "तुम्ही बघताय हाच घोळ आहे. डोळे मिटा आणि खा."

"मी डोळे मिटून काही करत नाही. माझा धंदा आहे."

यावर ताई उठली. तिच्या खांद्यावर हात पुसायचा पंचा होता, तो तिने त्यांच्या डोळ्यांवरून घेतला आणि मागे गाठ मारली. निळी विजार घातल्यासारखे दिसणारे पाय, डोळ्यांवर पट्टी, एक चप्पल. मला माझ्या दुकानाच्या पाटीवर त्यांचं चित्र काढावंसं वाटलं. पण मी गप्प बसलो. एवढी अक्कल मला आहे.

"आ करा," ताई म्हणाली. "माझ्या हातचं आहे, याच्या नाही."

दाजींनी आ केला.

चावले. थांबले. पुन्हा चावले.

"हे बाजारातलं आहे," पट्टीआडून ते म्हणाले.

"नाही."

"मग तुम्ही कुठेतरी पेंढ्यात दाबून पिकवलंय."

"अहो, आत्ता तोडलं, तुमच्या कानाशी."

"अजून एक द्या."

ताईने दुसरं दिलं. या वेळी त्यांनी अर्धं तोडून अर्धं हातात ठेवलं आणि पट्टी वर सरकवली. हातातल्या तुकड्याकडे ते बघत राहिले. तुकडा उजेडात नेला. साल बघितली, गर बघितला, पुन्हा साल. अंगठ्याने सालीवर जोरात घासलं. अंगठा कोरडा. थुंकी लावून घासलं. अंगठा स्वच्छ.

आम्ही दोघं श्वास रोखून. कारण शब्द तर ठरलेला होता, 'रंग आलेलं', आणि दाजी शब्दाचे पक्के. गोड लागलं म्हणून ते शब्द फिरवणार नाहीत हे ताईला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"इतकी वर्षं," ते म्हणाले, "आपण याच्या रंगाची वाट बघत बसलो."

"हो."

"आणि हा आलेलाच होता."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! घासून बघ. जात नाही. हिरवा हाच याचा पक्का रंग आहे. यावर दुसरा चढणारच नाही." मग जरा ओशाळून, "मी रंगारी असून मला कळू नये?"

ताईने तोंडाला पदर लावला. हसत होती की काय करत होती, मी विचारलं नाही.

"पिशव्यांतली पण मग... पिकलीच होती," दाजी पुढे बोलत होते, "आणि मी रोज नाडी सोडून त्यांना कच्चं म्हणत होतो. तोंडावर!"

"हात लावला असतात तर कळलं असतं," मी म्हणालो.

"तू बोलू नकोस. तू कच्चा रंग लावलास."

दुसऱ्या दिवशी करवतवाला आला. ठरल्याप्रमाणे, करवत, दोर, शिडी, सगळं घेऊन. आम्ही त्याला सांगायचंच विसरलो होतो. त्याने शिडी लावली आणि विचारलं, "बुंध्यापासून काढायचं ना?"

"नाही नाही," दाजी घाईने म्हणाले. "झाड राहणार आहे."

सकाळपासून कंबरेवर ठेवलेले हात ताईने खाली घेतले.

"मग मला कशाला बोलावलंत?"

हा प्रश्न रास्त होता, कारण पक्षी तर अजून येणारच होते. मान टाकलेली अंजिरं आपण आधी काढली, उरलेल्यांना पिशव्या घातल्या, तरी शेंड्यावरची त्यांचीच. आणि शेंड्यावर जेवून पोट हलकं करायला ते बसणार दोऱ्यांवरच्या फांदीवर. पिवळ्याचा निळा करायची वेळ पुन्हा येणार.

"दोरीवर आलेली तेवढी एक फांदी काढ," दाजी म्हणाले.

"ती नको," ताई म्हणाली. "तिच्यावर सगळ्यात जास्त लागलीत."

"मग तिच्या खालची."

"तिची सावली माझ्या फळीवर पडते."

"पलीकडची वाकडी?"

"वाकडी असली तरी बघा की कशी लगडलीय."

दाजींनी त्या वाकड्या फांदीपाशी जाऊन खरंच बघितलं. नुसतं बघून थांबले नाहीत. हात वर करून एकेक अंजीर हळूच दाबलं, डोळे अर्धे मिटून, बाजारातल्या बायकांसारखं, बुलबुलासारखं. एक मऊ लागलं. तोडलं. खिशात टाकलं. पुन्हा हात वर.

"ही नको," ते म्हणाले.

"मग कुठली?" करवतवाला शिडीवर ताटकळत होता. "ती वरची?"

"वरची पाखरांची आहे. ती काढली तर खालच्यांवर येतील."

"ही छोटी?"

"हिला पुढच्या वर्षी लागतील," ताई.

करवतवाल्याने एकदा झाडाकडे बघितलं, एकदा या नवराबायकोंकडे आणि एकदा माझ्याकडे, जणू हा सगळा प्रकार मीच जुळवून आणलाय. माझ्याबद्दल गावात असंच बोलतात. या वेळी मी खरंच निर्दोष होतो. शेवटी तो करवत खांद्यावर टाकून म्हणाला, "अहो, मग दोरी कापू का?"

दाजींचा हात वाकड्या फांदीवर होता. अंगठा कुठल्याशा अंजिरावर. त्यांनी वळूनही बघितलं नाही.

"काप," ते म्हणाले. "झाडापासून लांब, तिकडच्या भिंतीलगत बांधू."

"थांबा, थांबा," ताई धावली, "आधी कापड तरी काढू दे त्यावरचं!" आणि दोरीवरचा ओला तागा ओढता ओढता तिने मला हाक मारली, "भुंग्या, बघत काय बसलास, दुसरं टोक धर. आणि हात धुऊन ये आधी, बीटाचे!"